कोणी विचारलं तर सांगायचं

उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबूत राहायला जायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. बहरीनमध्ये लोक तंबू ठोकतात ते थंडीत. उन्हाळ्यात शहाणी माणसं एसी सोडून बाल्कनीतसुद्धा जात नाहीत. पण त्याला लीव्ह मिळाली ती जूनमध्ये, तीही चारच दिवसांची. वसईला जाऊन येण्यात अर्थ नव्हता. आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की बोटीने तासाभरात पलीकडे कतारला पोचता येतं, तिथे समुद्रकाठी तंबू भाड्याने मिळतात आणि तंबूत कूलर असतो.

"कूलर असेल तर तो तंबू कसला?" मी म्हटलं. "त्यापेक्षा इथेच हॉलमध्ये चादर बांधून देते, झोप तिच्यात."

त्याने ऐकलं नाही. आमची पंधरा वर्षांची थोरली कानातले इअरफोन न काढताच "व्हॉटेव्हर" म्हणाली. सात वर्षांच्या धाकटीने मात्र त्या दिवसापासून पोहायचा चष्मा डोळ्यांवरून उतरवला नाही. तो लावूनच ती जेवायची.

धाकटी आमच्या पोटची नाही. तिची आई माहूजमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. ती रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान, आम्ही वसईचे ख्रिस्ती, पण बांगडे कसे तिखट करायचे यावरून मराठीत कडाकडा भांडायला मला सगळ्या बहरीनमध्ये तिच्याशिवाय कोणी नव्हतं. दीड वर्षापूर्वी ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. नवरा सित्रामध्ये एका कारखान्यात वेल्डर. बायको गेल्यावर त्याला फ्लॅट सोडावा लागला आणि तो कंपनीच्या मआमीरमधल्या खोलीत राहायला गेला. खोलीत सहा पुरुष. तिथे मुलगी कुठे ठेवणार? तो दारात उभा राहून म्हणाला, "ताई, थोडे दिवस ठेवाल का हिला?" मी हो म्हटलं. त्या थोड्या दिवसांचं दीड वर्ष झालं.

दर शुक्रवारी नमाजानंतर तो येतो, लेकीला फिरवून आणतो आणि संध्याकाळी परत आणून सोडतो. गावी त्याची भावजय म्हणते, पोरगी आमच्याकडे पाठव, परक्यांच्या घरी कशाला? मी विचारलं की तो म्हणतो, "बघू, इंशाल्ला." या "बघू"ची मला भीती वाटते. ती आमची आहे असं सांगणारा एकही कागद जगात नाही. तिचा व्हिसा बापाच्या नावावर, तिचं आयडी कार्ड बापाच्या नावावर. माझ्याकडे फक्त बापाचा शब्द आहे, आणि तो त्याने कधीही मागे घ्यावा, त्याचा हक्कच आहे. शुक्रवारी तो तिला परत सोडून गेला की मी उगाचच तिला ओरडते. चपला जागेवर ठेव, हात धू, असं काहीही.

आता मी केलेला मूर्खपणा सांगते. पहिल्या महिन्यातच मला लोकांना उत्तरं देऊन कंटाळा आला. शाळेच्या गेटवर वॉचमन विचारायचा, तुम्ही कोण? दवाखान्यात रिसेप्शनवाली विचारायची. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका तर मुलीच्या देखत विचारायच्या, हिची आई कशाने गेली हो? ती माझ्या ड्रेसच्या मागे तोंड लपवायची. एकदा गाडीत बसल्यावर मी तिला म्हटलं, "हे बघ, कोणी विचारलं ना, ही कोण, तर सांगायचं, माय मम्मी. खलास. पुढचं काही बोलायचं नाही."

"बट यू आर आंटी," ती म्हणाली.

"बाहेर मम्मी. नाहीतर प्रॉब्लेम होतो."

मग मी तिची उजळणी घ्यायला लागले. सिग्नलला गाडी थांबली की विचारायचे, "कोणी विचारलं तर?" आणि मागून आवाज यायचा, "माय मम्मी." शाब्बास म्हणून मी एक चॉकलेट मागे द्यायचे. हळूहळू ती घरातही मम्मी म्हणायला लागली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी भांडी घासत होते. नळ सोडून तशीच उभी राहिले, रडले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, आपोआप झालं." मलाही ते आपोआप झाल्यासारखंच वाटलं. माणसाला पाहिजे ते दिसतं.

कतारला जायचं म्हणजे दुसऱ्या देशात जायचं, तेही दुसऱ्याची मुलगी घेऊन. त्यासाठी बापाची लेखी परवानगी लागणार. तो बिचारा एका शुक्रवारी माझ्या नवऱ्याबरोबर मनामात टायपिंगच्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने अरबीत पत्र टाइप करून दिलं, बापाने सही केली, शिक्का बसला. आम्हाला अरबी वाचता येत नाही. पत्रात काय आहे विचारलं तर नवरा म्हणाला, "नो ऑब्जेक्शन, अजून काय?" मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पासपोर्टांच्या वर ठेवलं.

सकाळी आठ वाजता निघालो. बुसैतीनच्या पुढे जाईपर्यंत धाकटी गाणी म्हणत होती. धक्क्यावर पोचलो तर उन्हाने डांबर मऊ झालेलं. आमच्याकडे चार बॅगा, एक घडीची शेगडी, आणि मसाला लावलेल्या कोंबडीचा बर्फाचा डबा. थोरली म्हणाली, "वुई लुक लाइक रेफ्युजीज." आत एसीत आल्यावर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. रांगही छोटी होती.

काउंटरवरचा ऑफिसर तरुण होता, हसरा. त्याने पासपोर्ट पाहिले, मग ते पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग काउंटरवरून वाकून, चष्मा लावलेल्या धाकटीकडे बघून माझ्याकडे बोट दाखवत त्याने इंग्रजीत विचारलं, "ही कोण?"

"माय मम्मी," ती खणखणीत बोलली.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्याने मला विचारलं, "तुमची मुलगी?"

आणि मी म्हटलं, "येस."

का म्हटलं? सवय. दीड वर्षाची सवय तोंडातून बाहेर पडली. त्याच क्षणी माझा नवरा म्हणत होता, "नो, नो सर, फ्रेंड्स डॉटर." आणि ऑफिसरच्या हातातल्या पत्रात, मला नंतर कळलं, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की या मुलीची आई मयत आहे.

त्याने पत्र खाली ठेवलं. आता तो हसत नव्हता. कुठेतरी फोन केला. दोन मिनिटांत एक बाई आली, युनिफॉर्ममध्ये, डोक्याला स्कार्फ, माझ्याच वयाची. तिने आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं आणि धाकटीचा हात धरून तिला काचेच्या दारापलीकडे दुसऱ्या खोलीत नेलं. मीही उठले, तर बाई म्हणाली, "तुम्ही नाही."

मी परत बसले. काचेतून मला तिची फक्त पाठ आणि चष्म्याचा रबरी पट्टा दिसत होता. खुर्ची उंच होती, पाय खाली टेकत नव्हते. माझ्या डोक्यात काय काय आलं. हे ऑफिसर म्हणणार, दुसऱ्याचं मूल पळवून नेताय. तिला कुठल्यातरी सरकारी घरात ठेवणार. आमचे व्हिसा जाणार. यातलं काहीच झालं नाही तरी तिचा बाप म्हणणार, ताई, आता पुरे झालं, हिला गावी पाठवतो. या शेवटच्या विचाराने मला सगळ्यात जास्त भीती वाटली, व्हिसा जाण्याहूनही जास्त. त्याची मला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

"तुला काय गरज होती येस म्हणायची?" नवरा कुजबुजला.

"आणि तुला काय गरज होती तंबूची?" मी म्हटलं. थोरलीने इअरफोन काढून खिशात टाकले आणि माझा हात धरला. याआधी तिने माझा हात कधी धरला होता ते मला आठवेना.

बाईने बापाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मला माहीत होतं, तो उचलणारच नव्हता. कारखान्यात आत मोबाइल नेत नाहीत, गेटवर जमा करतात, आणि जेवणाच्या सुट्टीशिवाय तो हातात येत नाही. मी हे सांगितलं. बाई म्हणाली, "मग थांबू." आमची बोट दहाला सुटली. बोट जाताना मी खिडकीतून पाहिली. बर्फाच्या डब्यातून पाणी गळून माझ्या पायाशी आलं आणि मी ते टिशूने पुसत बसले.

बाराला पाच कमी असताना त्याचाच फोन आला. बाईने स्पीकर लावला. तो हिंदीत, दर वाक्याला मॅडम मॅडम करत म्हणाला की मुलगी त्याचीच आहे, ती यांच्याकडे राहते, त्याच्या मर्जीने जाते आहे. बाईने त्याचा आयडी नंबर विचारला, पडद्यावर पडताळून पाहिला. मग फोन माझ्यापुढे धरला.

"काय झाला, ताई? पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. माझीच चूक झाली, भाऊ."

मागे भोंगा वाजला. "बरा, शुक्रवारी येतो, मग बोलू," म्हणाला आणि फोन ठेवला. काय बोलणार ते त्याने सांगितलं नाही.

बाईने शिक्के मारले. पासपोर्ट देताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तिला विचारलं, ही तुझी मम्मी का? ती म्हणाली, माझी मम्मी मरून गेली. हिला मम्मी सांगायचं असतं, नाहीतर प्रॉब्लेम होतो. हे तिला कोणी शिकवलं?"

"मी," मी म्हटलं.

"लहान मूल असं बोललं की आम्हाला फार वाईट शंका येतात," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने धाकटीला पाण्याची बाटली दिली आणि "यल्ला, हबीबती", चल ग बाळा, म्हणून तिच्या केसांवरून हात फिरवला.

दुपारच्या बोटीने गेलो. धाकटी खिडकीजवळ बसली, पण समुद्राकडे बघेना. चष्मा तिने काढून मुठीत धरला होता. भूक लागली का, नाही. सू आली का, नाही. मी जवळ सरकले की ती अंग चोरून घ्यायची. हिला मम्मी सांगायचं असतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे घरात, जेवताना, ताप आल्यावर, माझ्या कुशीत झोपताना ती जे म्हणायची ते सगळं चॉकलेटसाठी पाठ केलेलं उत्तर होतं का? माझं मलाच कळेना की मला जास्त वाईट वाटतंय की जास्त भीती. बहुतेक भीतीच.

तंबू बरे होते. कूलर भसाभसा गरम वारा फेकत होता. कोंबडी टाकून द्यावी लागली, ब्रेड-ऑम्लेट खाल्लं. ऊन उतरल्यावर नवरा आणि थोरली पाण्याकडे गेले. धाकटी आली नाही. मी ठरवलं, आता हे नीट करायचं. तिच्यासमोर चटईवर बसले.

"आजची चूक माझी होती," मी म्हटलं. "तुझी नव्हती. तुला मी खोटं बोलायला लावलं. आता यापुढे मला मम्मी म्हणायची काही गरज नाही. बाहेर नाही, घरीही नाही. आंटी म्हण, पहिल्यासारखं. चालेल?"

मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवून "ओके" म्हणाली, उठली आणि कोपऱ्यातली तिची छोटी बॅग ओढून घेतली. वाळत घातलेला टॉवेल काढून घडी केला, आत ठेवला. टूथब्रश ठेवला. फ्रॉक ठेवला. चेन लावायला गेली, ती अडकली, तशी दोन्ही हातांनी ओढायला लागली.

"काय करतेस ग?"

"पॅकिंग."

"का? आपण अजून तीन दिवस आहोत इथे."

ती चेनशीच झटत राहिली. तिची आई होती तेव्हा ती रोज दुपारी वर माझ्याकडे खेळायला यायची. सहा वाजले की खालून आई हाक मारायची, आणि ही आपल्या बाहुल्या गोळा करून, "बाय आंटी" म्हणून जिना उतरून घरी जायची.

"आंटीच्या घरून तर परत जावं लागतं ना," ती मान वर न करता म्हणाली. "बट मी कुठे जाऊ?"