बहीण माझीही होती

माझी धाकटी बहीण डेंग्यूनं आठवड्याभरात गेली. सोलापुरातल्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच सांगायचा, "आता आईवडिलांना तूच सांभाळायचं." मी मान हलवायची आणि चहा टाकायला आत जायची. मला कसं वाटतंय, हे कुणी विचारलंच नाही. रजा वाढवून मागायला फोन केला, तर साहेब म्हणाले, "पण त्यांचं लग्न झालेलं होतं ना?" सासरी गेली म्हणून ती माझी कमी झाली होती का? संताप आला, पण तोही गिळला.

एका दुपारी मोहोळहून आत्या आली. चहाचा ट्रे तिच्यापुढे धरताना माझे डोळे भरून आले.

"रडू नगंस बाई," ती म्हणाली. "तुला बघून आईला लई तरास हुईल की."

"आत्या, माझीही बहीण गेलीय." माझा आवाज चढला होता. "मी कुठं रडायचं, ते तरी सांग."

आत्याचा चेहरा पडला. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली आई उठून बसली.

"तो चहा ठेव खाली," ती मला म्हणाली. "ये हितं."

मी तिच्याजवळ गेले आणि आम्ही दोघी आत्यासमोरच रडलो. थोड्या वेळानं दाराची बेल वाजली. मी उठले नाही. शेवटी आत्यानंच दार उघडलं आणि आलेल्या बायकांना हळूच सांगितलं, "थोरलीनं लईच मनाला लावून घेतलंय."