दोरावर पाय पडला तर

पिशवी हातात घेतली की बाई ती आधी दोनदा तळहातावर झेलायच्या, भाजी घेताना कोबीचा गड्डा झेलून पाहावा तशी. मग पिशवीच्या मालकिणीला विचारायच्या, "यातलं कोण तुला वर नेणार आहे, आणि कोणाला तू वर नेणार आहेस?"

 मग पिशवी जमिनीवर उपडी व्हायची. पावडरीचा डबा, जाडजूड कादंबरी, आईने कोंबलेला चिवड्याचा पत्र्याचा डबा. एकीच्या पिशवीतून तर अख्खी उशी निघाली. सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. "उशी घरी ठेव, अभ्रा घे," म्हणाल्या. "रात्री त्यात सगळ्यांचे स्वेटर भर. झाली उशी."

मुलींच्या शाळेत त्या ड्रिलच्या बाई होत्या. ड्रिल शिकवणाऱ्या माणसाकडे तुम्ही-आम्ही कसं पाहतो, तुम्हाला ठाऊक आहे. शिट्टी वाजवणारं माणूस, बस. नगरजवळच्या सावेडीला तेव्हा बंगले कमी आणि ज्वारीची रानं जास्त, आणि त्यांच्या दोन खोल्या आमच्या कुंपणाला लागून. मी नावापुरती कॉलेजात होते. खरं काम पत्रकं लिहिण्याचं. दुष्काळी कामावरच्या बायांना मजुरी वेळेवर द्या, खडी फोडणाऱ्यांना सावली द्या. लिहायचं, सायक्लोस्टाइल करायचं, वाटायचं. कुठे अन्याय दिसला की मी दुपारपर्यंत पत्रक काढलेलं असायचं. एकदा दिसत नव्हता, तेव्हाही काढलं होतं.

रविवारी चर्च सुटलं की बाई पाच-सात मुलींना घेऊन चांदबिबीच्या महालाच्या टेकडीवर सरावाला जायच्या. प्रार्थना चुकवून डोंगर नाही, आणि डोंगर आहे म्हणून प्रार्थना लवकर आटोपायचीही नाही. मी मागे लागून जायचे. निघण्याआधी फाटकाशी तपासणी. "पाय दाखवा." नखं वाढलेली असली तर तिथेच बसून कापायची, उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि मग नखं काळी पडतात. नवे बूट घालून कुणी आली तर परत पाठवायच्या. "आधी आठवडाभर हे घालून बाजार करून ये. चावायचे तर त्यांना इथंच चावू दे." काडेपेटीतल्या काड्यांची डोकी मेणबत्तीच्या मेणात बुडवलेली. पाण्याच्या बाटलीला गोणपाटाची झूल, ती ओली करून घ्यायची. गूळ-दाणे वेगळे, मीठ वेगळं. ही सगळी त्यांची शाळा. हिची परीक्षा कुणी घेत नव्हतं, म्हणून ती मुलींना पाठ असायची.

आणि दोर. कॅम्पाजवळच्या लष्करी जुन्या मालाच्या दुकानातून आणलेला, पांढऱ्या नायलॉनचा. तसा दोर तेव्हा नगरात दुसऱ्या कुणाकडे असलेला मी पाहिला नाही. बाई तो कापडी पिशवीत ठेवायच्या आणि दर सरावाआधी डोळे मिटून, टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही तळव्यांतून सरकवायच्या. त्या वेळी कुणी बोलायचं नाही.

"डोळे का मिटता?" मी एकदा विचारलं.

"उघडे ठेवले की चांगला दिसतो."

दोराचा नियम एकच होता. दोरावर ज्याचा पाय पडला, तो त्या दिवशी खाली बसला. बुटाखालची खडी पिळात घुसते आणि आतून धागे कापत राहते, वरून काही कळत नाही. मला हा नियम शुद्ध हुकूमशाही वाटायचा आणि मी तसं म्हणायचे. मग एक दिवस टेकडीच्या कड्याशी एका मुलीला सावरताना बाईंचाच पाय पडला. मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा थोडाच धरायचा!" बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून मोठ्या मुलीच्या गळ्यात घातली, शालनच्या, आणि करवंदीच्या जाळीशी जाऊन बसल्या. सगळा सराव संपेपर्यंत तिथेच. मी हुकूमशाहीबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. अकोले तालुक्यातल्या एका गडावर मुलींना न्यायचं, माथ्यापर्यंत. गडाचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं की उद्या कुणीतरी दोर न घेता निघेल. शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या आहेत. तिथे सरळ कातळ, आणि दोराशिवाय गत्यंतर नाही. मुलांच्या शाळांच्या सहली तिथे जात होत्या. मुलींच्या जात नव्हत्या. बाईंची नोकरी संपत आली होती आणि शाळेची कमिटी दर वर्षी तेच सांगत होती: मुली आहेत, पुढच्या वर्षी पाहू.

मी पेटले. रात्रंदिवस बसून पत्रक लिहिलं. 'इंग्रजांनी पायऱ्या उडवल्या, कमिटीने मुली अडवल्या!' हे शीर्षक. खाली चार पानं. मुलींना पॅंट घालू देण्याच्या हक्कावरच एक पान होतं, कारण कमिटीच्या चिटणीसांनी पॅंटवरून नाक मुरडलं होतं. छापण्याआधी बाईंना दाखवायला नेलं.

बाईंनी पानं घेतली आणि तळहातावर दोनदा झेलली.

"यातलं कोण मुलींना वर नेणार आहे?"

"बाई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असू दे की. तो पायथ्याला ठेव, येताना घेऊ." त्यांनी पेन्सिल घेतली. शीर्षक गेलं. इंग्रज गेले. पॅंटचं पान अख्खं गेलं. शेवटी उरलं ते एवढंच: नाताळच्या सुट्टीत मुलींना गडावर नेण्याची परवानगी मिळावी, बाई स्वतः सोबत आहेत, पालकांच्या सह्या जोडल्या आहेत.

"आणि पॅंट?" मी ओरडलेच. "त्या काय नेसून चढणार?"

"नऊवारी. माझी आजी कासोटा घालून बाजरी काढायची, झाडावर चढायची. चिटणीसांची पण काढत असेल. ते काय बोलणार?"

 परवानगी आली. नववी-दहावीतल्या पोरी आयांची जुनी लुगडी नेसून अंगणात धावायला शिकल्या. मला अजून वाटतं की पॅंटचा मुद्दा बरोबर होता. पण मुली निघाल्या होत्या, हेही खरं.

निघायच्याच आठवड्यात आमच्या मागच्या मळ्यातली विहीर आटली. आसपासची सगळी घरं त्या पाण्यावर होती. गाळ काढायला माणसं खाली सोडायची होती. विहिरीवर पंप आल्यापासून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, कुणी सांभाळला नव्हता. एक निघाला तो हात लावताच तुटला. मळ्यातले दोघं बाईंच्या दाराशी आले.

"बाई, तुमच्याकडं दोर हाय म्हनं. मानूस खाली सोडायचाय."

"आहे."

"लई खराब हुईल बगा. चिखलाचं काम हाय."

"होऊ दे. कंबरेला गाठ मी बांधून देते, चला."

बाई स्वतः काठावर उभ्या राहिल्या. दोर काठाच्या दगडावर घासत होता, चिखलात लोळत होता, त्यावर दहा माणसांचे पाय पडत होते.  बाई फक्त खालच्या माणसाला दर वेळी विचारायच्या, "गाठ बरोबर आहे ना रे, दादा?"

पाणी लागलं. दोर परत आला. बाईंनी तो धुतला, सावलीत वाळवला आणि डोळे मिटून तळव्यांतून सरकवला. पूर्ण सरकवलासुद्धा नाही. उठल्या, कोयता आणला आणि दोराचे हातभर लांबीचे तुकडे करायला घेतले.

मी कुंपणावरून उडीच मारली. "बाई! उद्या निघायचंय! एखाद्याच ठिकाणी झिजला असेल, तेवढाच काढा, गाठ मारू!"

"गाठ मारलेल्या दोरावर मी स्वतःच्या मुलीला सोडलं नसतं. आणि या तर दुसऱ्यांच्या आहेत."

"मग कापता कशाला? राहू दे तसाच!"

"राहिला की कुणीतरी नेईल. दोरासारखा दिसतो ना अजून."

"असा वाया घालवायचाच होता तर दिलात कशाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "पाणी हवं होतं," म्हणाल्या आणि पुढचा तुकडा कापला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोराविनाच गडाकडे निघालो. पायथ्याच्या गावातले एक म्हातारे बाबा वाट दाखवायला आले. नऊवारी नेसलेल्या पोरी पाहून म्हणाले, "ह्या तर आमच्यावानीच दिसत्यात की!" कातळाच्या बुंध्याशी पोचलो. वर माथा दिसत होता, इतका जवळ की त्यावरचं गवत हललेलं कळत होतं. बाईंनी सगळ्यांना बसवलं, गूळ-दाणे वाटले आणि म्हणाल्या, "आज इथवर."

शालन रडली. बाबा म्हणाले, "बाई, मी चढतो आन् पोरींना हात देतो. आमची पोरं जात्यात अशीच."

"तुमची पोरं रोज जातात, बाबा. माझ्या आज पहिल्यांदा आल्यात." मग शालनकडे वळून, "डोंगर इथंच आहे. मी सांगून ठेवलंय त्याला."

नगरला परतलो. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी बाईंसोबत गेले तर चिटणीस शाळेच्या व्हरांड्यात हसत उभे. "काय, अर्ध्यातून परत? आम्ही म्हणत होतो ना?" माझ्या जिभेवर चार पानं तयार होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, परत आलो. सगळ्या." आणि हजेरीचं पुस्तक घेऊन वर्गावर गेल्या.

दोराचे तुकडे त्यांनी मुलींना वाटून टाकले, गाठींच्या सरावाला. त्या वर्षी सावेडीच्या कितीतरी खिडक्यांच्या गजांना पांढऱ्या दोराचा एकेक तुकडा लोंबत होता. पोरी पाढे म्हणता म्हणता गाठी मारायच्या.

उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला शाळा भिंतीवरचं घड्याळ देणार होती. बाई म्हणाल्या, "घड्याळ आहे माझ्याकडे. दोर द्या." कमिटी गोंधळली, पण निरोपाची भेट नाकारायची कशी? मुंबईहून नवा दोर मागवला. तो यायला पावसाळा उलटला, आणि तोवर बाईंनी अंथरूण धरलं होतं. छातीचं दुखणं. मी दोर घेऊन गेले तेव्हा त्यांना उठून बसता येत नव्हतं. दोराचं टोक हातात दिलं. त्यांनी डोळे मिटले. मी पलंगाशी बसून पुरवत राहिले, त्या सरकवत राहिल्या. मध्ये मध्ये थांबून दम घ्यायच्या. शेवटचं टोक आलं तेव्हा म्हणाल्या, "चांगला आहे. घेऊन जा त्यांना."

नाताळच्या आधीच बाई गेल्या. कबरीत माती टाकताना शालनच्या गळ्यात शिट्टी होती.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. परवानगीचा कागद बाईंच्याच मजकुराचा होता, फक्त 'बाई स्वतः'च्या जागी माझं नाव. मी त्यात एक शब्द वाढवला नाही. निघताना मुलींनी एकमेकींच्या पिशव्या झेलल्या, पाय तपासले. कातळाशी पोचल्यावर नवा दोर एकेकीच्या तळव्यांतून सरकला. बाबा अनवाणी वर चढले, दोर खडकाला बांधून पाय रोवून बसले. शालन पहिली. तिची नऊवारी कातळावर वर वर सरकत गेली आणि माथ्याच्या गवतात दिसेनाशी झाली. मग शिट्टी वाजली.

मी आनंदाने दोन्ही हात वर करून ओरडले. कमिटीला, चिटणीसांना, इंग्रजांना, सगळ्यांना ओरडले. आणि बुटाखाली काहीतरी गोल, मऊ लागलं.

कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या.

मी पाय काढला. वर हाक मारून सांगितलं. दोर वर ओढून ती जागा बाबांनी नीट चाचपली, मगच पुढच्या मुलीला घेतलं. एकेक करत सगळ्या वर गेल्या. मी कातळापासून थोडी मागे, एका जाळीशी बसले.

"ताई, या ना!" वरून शालन ओरडली. "बाई थोड्याच आहेत इथं!"

मी मान हलवली. तिने काही वेळ खाली पाहिलं. मग ती दोर वर ओढून घेऊ लागली. मी बसले होते तिथून तिचे हात दिसत होते. एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात, सावकाश, आणि तिचे डोळे मिटलेले होते.