अर्धी जुळणी

समोरच्याला तोंड उघडायला सांगताना अण्णा आधी स्वतःचं तोंड उघडत. लहान मुलाला भरवताना आई नकळत आ करते, तुम्हीही पाहिलं असेल. तसंच. फक्त अण्णांच्या समोर एखादा खुनाचा कैदी बसलेला असायचा आणि हातात घासाऐवजी कापसाची काडी. "स्वल्प आ कर," म्हणताना मास्कखाली त्यांचा जबडा हळूच खाली जाई. मग भिंतीशी रांगेत बसलेल्यांचीही तोंडं एकेक करून उघडत. पंधरा-वीस माणसं आ करून बसलेली आणि आवाज कुणाचाच नाही. पहिल्यांदा ते पाहून मला हसू आलं आणि पाठोपाठ अंगावर काटाही आला.

मी साताऱ्याहून बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आले, तेव्हा अण्णा तिथे मुरलेले होते. कैद्यांच्या आणि कायदा बदलल्यापासून अटक झालेल्यांच्याही गालाच्या आतून काडी फिरवून आणायची, हे त्यांचं काम. त्या काडीवरून आम्ही डीएनए काढायचा आणि गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डागांशी यंत्रावर ताडून पाहायचा. अण्णा मल्लेश्वरमचे, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घरातले. "तुमची मराठी ऐकली की कुणी पत्र वाचतंय असं वाटतं, अक्का," असं म्हणून ते मला चिडवत. मी त्यांच्या कानडी 'सरी, सरी'ची, म्हणजे 'बरं, बरं'ची, नक्कल करून फिट्टंफाट करायची.

ओल्या काड्या लिफाफ्यात घातल्या तर बुरशी धरते, म्हणून त्या स्टँडवर उभ्या करून वाळवाव्या लागतात. तेवढ्यात आम्ही कॉफी पिऊन यायचो. अण्णा हलत नसत.

"चला की, पाच मिनिटं."

"सोडून कसं यायचं? बसलेत की सगळे."

मी वळून बघायची. खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नसायचं.

आणखी एक खोड होती. काडी घेण्याआधी ते प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत. शिपाईसुद्धा अवघडायचे. एकदा मी थट्टेत विचारलं, "कोणी ओळखीचं दिसतं का?"

"अजून नाही," ते म्हणाले.

पुढे एका सहकाऱ्याकडून कळलं. अण्णांचा एकुलता एक मुलगा आठ वर्षांपूर्वी बापाशी भांडून घरातून गेला, तो आलाच नाही. बेवारस प्रेतंसुद्धा ते पाहून आले होते. त्या थट्टेची मला आजही लाज वाटते.

आमच्याकडे कर्मचाऱ्यांचेही नमुने यंत्रात ठेवलेले असतात. कुणाची शिंक, कुणाचा हात पुराव्याला लागला असेल तर कळावं म्हणून नवा नमुना आधी आमच्याशी ताडला जातो. एका दुपारी कोरमंगलातल्या घरफोडीत सापडलेल्या बाटलीचा नमुना मी लावला. यंत्र अण्णांच्या नावाशी थांबलं. जुळणी पुरती नव्हती, अर्धी होती. अर्धी म्हणजे बाप किंवा मूल. अण्णांचे वडील कधीच वारले होते.

मी साहेबांना सांगितलं. साहेबांना अण्णांची माया होती. त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं, अर्ध्या जुळणीचं सांगितलं आणि कागदावरची नजर न काढता म्हणाले, "नमुना तसाही अपुरा आहे. तुमचा हात लागला असेल. दूषित म्हणून लिहू, विषय संपेल."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "रक्त का, अक्का?"

"नाही. थुंकी. कोणीतरी बाटलीला तोंड लावून पाणी प्यालंय."

"म्हणजे आहे तो," ते म्हणाले. "जिवंत आहे."

मग ते साहेबांकडे वळले. "मी त्या बाटलीला शिवलो नाही, सर. दूषित म्हणून लिहिलंत तर ते टाकून देतील. पुन्हा हरवेल की तो."

तसा जबाब त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला. पोटच्या पोराला पोलिसांच्या हाती देणारा हा कसला बाप, असं वाटून त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. जिना उतरताना मी तोंडावर बोललेही.

"चोर म्हणून सापडला तरी चालेल," ते म्हणाले. "सापडू दे."

तो सापडला नाही. अण्णा निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. नोकरी सुटली की माणसाचा नमुना यंत्रातून काढायचा, असा नियम आहे. जाताना ते एवढंच म्हणाले होते, "माझं नाव राहू दे, अक्का." त्यांचा नमुना काढण्याचा अर्ज अजून माझ्या खणात पडून आहे. बाटलीचा नमुना यंत्रात आहेच, मुलगा पकडला गेला तर त्यावरूनही कळेल, हे मला समजतं. तरी माझा हात धजत नाही. त्यामुळे तुरुंगांतून आणि कोठड्यांतून येणारा प्रत्येक माणूस आजही आधी अण्णांसमोर उभा राहतो. ते बघतात, यंत्र 'नाही' म्हणतं, पुढचा येतो.

आज सकाळी एकवीस नमुने आले. सतराव्याला यंत्र जरा अडखळलं, आणि रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं "अण्णा" म्हणाले. मग ते पुढे सरकलं.