कमळबायच्या दारची सीतेची वेणी

"खायला घातल्याशिवाय कोण फुलतंय गो?" हे कमळबायचं बोलणं वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांना पाठ होतं. मासे धुतलेलं पाणी ती कधी वाया घालवत नसे. त्याच पाण्यावर तिचा माड, तिची मिरची, तिची अबोली भरभरून यायची.

एका वादळात वाडीतल्या जुन्या आंब्याची फांदी मोडली. तिला सीतेची वेणी बिलगलेली होती. दुसऱ्या झाडाच्या अंगावर राहायचं, पण त्याचं काही खायचं नाही, असं हे मानी झाड. उन्हाळा सरता सरता गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस खाली सोडतं. कमळबाय आणि तिची धाकटी जाऊ रोशनी, दोघींनी ते निम्मं निम्मं घेतलं.

रोशनीनं आपलं आंब्याच्या ओंडक्याला सुतळीनं बांधलं, मुळं उघडी ठेवली आणि पडवीच्या कडेला, सावलीत, वाऱ्यावर टांगलं. सकाळी पाण्याचा शिपका, बस. कमळबायनं आपलं कुंडीत मातीत लावलं आणि रोज बोंबील धुतलेलं पाणी पाजलं.

"बाय, ह्याला माती नको," रोशनी एकदा म्हणाली. "मुळांना वारा लागू दे. आणि ते खारं पाणी तर बंदच कर."

कमळबाय नुसती हसली. रोशनीच्या पोराचं, निमेशचं लग्न वैशाखाच्या शेवटी ठरलं होतं. या घरात नव्या सुनेच्या अंबाड्यात वेणी थोरल्या जावेनं माळायची, आणि फूल सीतेच्या वेणीचंच, तेही तिच्याच दारचं हवं. नसलं, तर तो मान धाकटीकडे जायचा.

"माझं झाड उपाशी मारायला बघते ती," कमळबाय नवऱ्याला, रामनाथला म्हणाली. "मला काय कळत नाय?"

त्या दिवसापासून तिनं पाणी दुप्पट केलं.

वैशाख लागला आणि रोशनीच्या ओंडक्यावरून कळ्यांचा तुरा लोंबू लागला. त्या दारावरून जाताना कमळबाय मान वळवायची, आणि जरा पुढे गेली की पुन्हा मागे बघायची. तिला घास गोड लागेना. इकडे कुंडीतली पानं पिवळी पडली. एक दिवस तिनं खोड जरा ओढलं, तर ते हातातच आलं. मुळं काळी, मऊ, कुजलेली.

लग्न लागलं. नवी सून नीला पाटावर बसली. रोशनीनं फुलांचा घोस कमळबायपुढे धरला.

"घे बाय. थोरली तू. माळ."

कमळबायनं घोस हातात घेतला आणि एकेक फूल उलटून पाहिलं, डाग शोधावा तसं. एकही सापडला नाही.

"चांगलं फुललंय," ती म्हणाली. "पण दार तुझं. तूच माळ."

"अगो, एकाच फांदीवरची ना दोन्ही!"

"माळ म्हटलं ना!"

घोस ताटात ठेवून, पदर खोचून ती बाहेर पडली आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांमधून खाडीकडे चालू लागली. रोशनी वेणी माळण्यात गुंतली होती. नीलाची मान खाली होती, पण डोळे दारातून बाहेर गेले होते. चुलत सासूची ताठ पाठ सुकत्या मासळीआड जाईपर्यंत ती एकटीच बघत राहिली.