चक्कीवरची थाप

गाडी हलायच्या आधी बाबांनी माझ्या पाठीवर थापटलं आणि नव्या निळ्या साडीवर पिठाचा पांढरा पंजा उमटला. ते महाल वस्तीतल्या आमच्या पिठाच्या चक्कीवरून तसेच स्टेशनवर आले होते, भुवयांसकट पांढरे. "तिकडं काही अडलं त रडत नोको बसू वं. हलकेच थापटजो, सुटते." हा सल्ला खरं तर पिठाचा होता. चक्कीच्या कापडी सोंडेत ज्वारीचं पीठ अडलं, की बाबा ते थापटून मोकळं करत.

महालात राहिलेल्या तुम्हा मंडळींना मी ठाण्यात काय करते, हे कधी धड सांगता आलं नाही. औषधांच्या कंपनीत मी भुकट्या ओतते! नव्या औषधाची भुकटी फनेलमधून सोडायची आणि खाली जमलेल्या ढिगाचा उतार मोजायचा. ढीग जितका पसरट, तितकी भुकटी वाहती. ती सारखी वाहिली नाही, तर मशीनमध्ये एका गोळीत औषध कमी पडतं, दुसरीत जास्त.

तेव्हा सत्तरचं दशक चालू होतं. नोकरीचा तिसराच महिना, अजून कायम झाले नव्हते. एका नव्या औषधाची दोन चमचे भुकटी माझ्या हाती आली. साऱ्या कंपनीत तेवढीच होती. ती फनेलमध्येच अडली. आणि माझ्या हातानं, मला न विचारता, फनेलला थापटलं. भुकटी सुटली, ढीग छान पसरला, मी आकडा लिहून मोकळी झाले.

दुपारी डबा उघडताना लक्षात आलं. ती भुकटी वाहणारी नव्हतीच, मी तिला वाहायला लावलं होतं. उद्या कुणा आजाऱ्याच्या गोळीत औषध कमी निघालं तर? साहेबांना खरं सांगावं, तर नोकरी जायची भीती. मग कोणतं तोंड घेऊन महालात परतायचं? मी फार घाबरले होते. तरी उठले आणि साहेबांना सांगून टाकलं.

त्यांनी रिपोर्ट फाडला. मग म्हणाले, "थापटायला कुठं शिकलात?" चक्कीचं ऐकून त्यांना भलतंच कुतूहल वाटलं. त्यांनी तीच भुकटी काचेच्या उभ्या मोजपात्रात भरून पुढं केली. "मग थापटाच. पण मोजून." थापटल्यावर जी भुकटी जास्त दबते, तीच वाहताना जास्त अडते, हे मला त्या दिवशी कळलं.

मला राहवेना. बाबांना पत्र टाकलं, कोणत्या पिठाला किती थापा लागतात? उत्तर आलं, "गव्हाले बहुतेक लागतच नाही. ज्वारीले दोन-तीन. बेसनाचं विचारू नोको. पण तू हे काहून मोजून राहिली?"

आता चक्की नाही, बाबाही नाहीत. लॅबमध्ये आपोआप थापटणारं यंत्र आलंय, थापा बिनचूक मोजतं. गाव सोडून आलेल्यांपैकी कुणी विचारतं, घर कुठं, तेव्हा मला पत्ता आठवत नाही, पाठीवरचा तो हात आठवतो. इतकं सगळं मोजलं मी. बाबांनी स्टेशनवर किती वेळा थापटलं, तेवढं मोजायचं राहून गेलं.