अवो, पावणं आल्यात

कोल्हापुरात सिनेमातलं सगळ्यांनाच कळतं. मला जरा जास्त, कारण मी शूटिंगवर नट्यांचे केस विंचरते. पण ऐश्वर्या मगदूमसारखी नटी माझ्या फणीखाली आली नव्हती. गडमुडशिंगीची ही पोर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शेजारी साहेब बसलेला असो की नवी सून, तिला सगळेच पावणं. "क्लच सोडा की पावणं" हे अख्ख्या चौकाला ऐकू जायचं. दिसायला मात्र नाजूक, मान बारीक, डोळे टपोरे. तिच्या एका फोटोवर पुण्याचा दिग्दर्शक ऋतुराज फसला. फोटोला आवाज नसतो, त्याला तो बिचारा काय करणार!

सिनेमा मानसिक थरारपट. पन्हाळ्यावरच्या बंगल्यात एकटी राहणारी हळवी मुलगी, तिला वाटतं कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय. ही मुलगी म्हणजे काचेचं भांडं, असं ऋतुराज रोज समजावून सांगायचा आणि ऐश्वर्या रोज शंका काढायची. हातात मोबाईलची बॅटरी असताना मेणबत्ती कशाला? माळ्यावर खुडबुड झाली तर एकटीनं वर का जायचं, आधी शेजाऱ्याला हाक का नाही मारायची? मी मनातून तिच्याच बाजूची. या सिनेमांतल्या पोरींना केस मोकळे सोडून किंचाळण्यापलीकडे काम नसतं, आणि तो गुंता नंतर मी सोडवायचा.

त्यात भाषेची रड. आमच्याकडच्या मुली "मी जातो, मी येतो" असंच बोलतात. ऐश्वर्या थरथरत म्हणायची, "मी मरतो आता," आणि ऋतुराज कपाळावर हात मारून घ्यायचा.

तिची आई रत्नाबाई सोबत असायची. तरणी पोर सिनेमावाल्यांच्या हाती एकटी सोडायला ती तयार नव्हती. ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. आम्ही तर भरदिवसा खिडक्यांना काळे पडदे लावून रात्र केलेली. सूर्य कुठे आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून रत्नाबाई घडीघडी अंगणात जाऊन बघून यायची आणि दार उघडलं की आमच्या रात्रीत ऊन पडायचं.

शेवटी मुख्य प्रसंग आला. अनोळखी माणूस दारात उभा राहतो, पोरगी भिंतीला चिकटते, तोंडातून शब्द फुटत नाही. अनोळखी माणूस म्हणजे आमचा पिराजी, तालमीत घडलेला, दार भरून उरणारा. तो उंबऱ्यात आला आणि ऐश्वर्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या की पावणं, बसा. च्या टाकतो."

पिराजीही आमच्याच मातीतला. सुरा धरलेला हात छातीशी नेत तो अदबीनं म्हणाला, "नको, आत्ताच झाला की."

सगळं युनिट पोट धरून हसलं. ऋतुराज तेवढा हसला नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. एकदा तर पिराजी चप्पल काढून आत आला. मग ऋतुराज शांतपणे म्हणाला, की आता शेवटचा प्रयत्न, नाहीतर उद्या पुण्याहून दुसरी मुलगी येईल.

ऐश्वर्याचा चेहरा उतरला. गावाच्या कमानीवर तिचा भला मोठा फ्लेक्स लागला होता, तो उतरवायची पाळी येणार. पण फ्लेक्सचं दुःख वरवरचं होतं. तिला हे काम मनापासून हवं होतं. मी केस सारखे करत होते तेव्हा ती रडली, ते मी पाहिलं. मग डोळे पुसून ऋतुराजकडे गेली आणि म्हणाली, एकदा माझ्या पद्धतीनं करू द्या. तो कंटाळून हो म्हणाला.

पिराजी दारात आला. ऐश्वर्या भिंतीकडे गेलीच नाही. जागची हलली नाही. हसून मोठ्यानं म्हणाली, "या की पावणं." आम्ही मनात म्हटलं, झालं, गेलं काम. तोच ती आतल्या खोलीकडे वळली आणि हाक मारली, "अवो, ऐकलासा न्हवं? पावणं आल्यात."

आत कोणी नव्हतं. सिनेमातली पोरगी एकटी राहते, ते पिराजीलाही ठाऊक होतं. ती मात्र उत्तराची वाट बघत मान कलती करून उभी. हसू तसंच, आणि पदराचं टोक मुठीत घट्ट. जरा वेळानं पिराजीला म्हणाली, "अंघूळ करत्यात. येतील आता."

पिराजी खरोखरच एक पाऊल मागे सरला. ऋतुराज 'कट' म्हणायचं विसरला.

माझ्या शेजारी रत्नाबाई उठून उभी राहिली होती. नवरा गेला तेव्हा ऐश्वर्या बालवाडीत होती. घर मळ्यात, गावापासून लांब. दारात कोणी परका आला की रत्नाबाई आत तोंड करून अशीच हाक मारायची, कितीतरी वर्षं. पोरीच्या ते ध्यानात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन तिनं पोरीचा हात धरला.

"तुला कळायचं व्हय गं तवा?"

"न्हाय," ऐश्वर्या म्हणाली. "मला खरंच वाटायचं, अप्पा आल्यात. मी दर बारीला आत जाऊन बघायचो."

ऋतुराजनं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. दोघी आत बसून राहिल्या. उशिरानं रत्नाबाई अंगणात आली, तर दिवस मावळून गेला होता. तिनं जेवणाचा डबा न उघडताच पिशवीत ठेवला आणि पिराजीला विचारलं, पावणं, तुम्ही तरी जेवलासा न्हवं?