आईचा दुसरा सांधा

राख सावडताना आईच्या गुडघ्यातला धातूचा सांधा हाती आला आणि परभणीच्या दवाखान्यातली एक सकाळ आठवली. आधी बसवलेला सांधा सैल झाला म्हणून तो काढून हा बसवला होता. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, “मावशी, वाकवा, नाहीतर गुडघा आखडेल.” आई पाय ताठ धरून म्हणाली, “वाकवून वाकवूनच पयला ढिल्ला झाला. ह्याला मी न्हाई वाकवत.” ऑपरेशनआधी उतरवून ठेवलेली आईची जोडवी मुलीने उचलली. “मग ही मीच माझ्या पायात घालते.” “तू घालायला मी काय मेले का?” म्हणत आईने जोडवी हिसकावली आणि कण्हत, थांबत, पाय जवळ ओढून स्वतःच बोटांत सरकवली. पुढे सात वर्षं ती त्या गुडघ्यावर चालली. तिच्यामागे चालताना धाप मलाच लागायची.